फेअर कॅचचा निकाल कसा द्यायचा: बॉलकडे नको, हाताकडे बघा

डिसेंबरच्या सुट्टीत भाचा टेक्ससहून आला, तो बॅगेत हवा काढलेला अमेरिकन फुटबॉल घेऊनच. त्या लांबोड्या बॉलला बसेल अशी सुई वेंगुर्ल्यात शोधण्यात एक दिवस गेला. शेवटी शाळेतल्या व्हॉलीबॉलच्या पंपाची सुई चालली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही उभादांड्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावर. ओल्या वाळूवर टाचेने रेघा ओढल्या, वाडीतली सात-आठ पोरं जमली. पहिलीच किक उंच गेली. भाच्याने एक हात वर करून हलवला, मान वर ठेवून बॉल छातीशी घेतला, आणि तेवढ्यात वाडीतला एक दांडगा पोरगा धावत येऊन त्याच्यावर आदळला. दोघंही वाळूत.

"मामा, फेअर कॅच होता!" भाचा तोंडातली वाळू थुंकत ओरडला.

सुरूच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेल्या आबांनी मला विचारलं, "हात वर केल्यान म्हणजे हरलो मां तो?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. फेअर कॅच हा सौदा आहे. समोरच्या संघाने उंच मारलेला बॉल पकडणारा म्हणतो, मी बॉल घेऊन पळणार नाही, तुम्ही मला पाडू नका. पळायचा हक्क देऊन त्याने सुरक्षितपणा घेतला. आबांना मी नारळाचं उदाहरण दिलं. पाडेली माडावर असतो तेव्हा खाली उभा राहून वर बघणाऱ्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. त्या वेळी त्याला मागून कोणी धक्का मारला तर आपण त्याला खेळ म्हणत नाही. चाळीस-पन्नास यार्डांवरून आलेल्या उंच किकखाली उभ्या असलेल्या पोराची अवस्था तीच असते, आणि समोरून दहा जण पूर्ण वेगात त्याच्यावरच येत असतात.

न्यू जर्सीत नोकरी सांभाळून अकरा वर्षं मी शुक्रवारी रात्री शाळांच्या सामन्यांत पंच होतो. माझी जागा बॅक जजची, म्हणजे पंटच्या (हातातून सोडलेला बॉल पायाने लांब मारून समोरच्या संघाला देतात त्या किकच्या) वेळी सगळ्यात मागे, पकडणाऱ्याच्या जवळ. त्यामुळे फेअर कॅचचे बहुतेक निकाल माझ्याच गळ्यात पडायचे. अमेरिकेत ज्यांची मुलं खेळतात, किंवा जे नुसतेच रात्री जागून सामने बघतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पुस्तक कोणतं ते आधी विचारा

मी आणि भाचा त्या दिवशी पहिली दहा मिनिटं उगाच भांडलो. दोघंही बरोबर होतो. नियमांची पुस्तकं तीन आहेत: व्यावसायिक एनएफएलचं, कॉलेजांसाठी एनसीएएचं आणि शाळांसाठी एनएफएचएसचं. मी न्यू जर्सीत शाळेच्या पुस्तकावर वाढलो. टेक्ससमध्ये मात्र शाळांचे सामनेही कॉलेजच्या नियमांनी होतात. भाचा पंधरा वर्षांचा, पण त्याच्या डोक्यात कॉलेजचं पुस्तक. त्यात टीव्हीवर दिसतं ते तिसरंच. फेअर कॅचवरच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच आहे. तेव्हा निकालावर तोंड उघडण्याआधी सामना कोणत्या पुस्तकाने चाललाय ते बघा.

हात

खरी, म्हणजे वैध खूण कोणती? एकच हात, डोक्याच्या स्पष्ट वर, आणि तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवलेला. एनएफएल आणि कॉलेज दोन्हीकडे एकाहून जास्त वेळा हलवायला हवा. शाळेच्या पुस्तकात हात पूर्ण लांब करायला सांगितलंय. बॉल हवेत असतानाच हे सगळं व्हायला हवं. बॉल जमिनीला लागल्यावर किंवा हातात आल्यावर केलेला हात उपयोगाचा नाही.

वाचायला सोपं आहे. मैदानावर पोरं काय करतात ते बघा. कोणी खांद्याच्या उंचीवर डास हाकलल्यासारखा हात फिरवतो. कोणी दोन्ही हात वर करतो. कोणी हात वर नेतो पण हलवत नाही, बसला हात केल्यासारखा. ही सगळी अवैध खूण, फक्त कॉलेजच्या पुस्तकात न हलवलेला हात खूण धरत नाहीत. अवैध म्हणजे "खूण झालीच नाही" असं नाही, आणि घोटाळा नेमका इथे होतो. समोरून धावत येणाऱ्याने तो अर्धवट हात पाहिला आणि वेग कमी केला, तर पकडणाऱ्याला फुकटचा फायदा मिळाला. म्हणून कॉलेज आणि शाळा, दोन्ही पुस्तकांत अवैध खुणेनंतरही त्या संघाला बॉल पुढे नेता येत नाही. शाळेत वर ५ यार्डांचा दंड. एनएफएलमध्येही अवैध खुणेला ५ यार्ड. कॉलेजमध्ये यार्डांचा दंड नाही, बॉल जिथे हातात आला तिथे खेळ थांबतो, बस. पण तेवढंही किती महाग पडू शकतं ते पुढे सांगतो.

उन्हाचं वेगळं. आमच्याकडे संध्याकाळी पश्चिमेला तोंड केलं की समुद्रावरून ऊन सरळ डोळ्यांत येतं, आणि भाच्याने दुसऱ्याच किकला कपाळावर आडवा हात धरला. तो हलवला नाही, तर ती खूण नाही. कॉलेजच्या नियमात बॉल जिवंत राहतो, पकडून पळता येतं. पण तोच हात जरा हलला की प्रकरण बदललं. मी पोरांना सांगायचो, ऊन लागत असेल तर हात कपाळाला चिकटवा आणि तिथेच ठेवा.

आता महाग पडलेला हात. २१ ऑक्टोबर २०२३, आयोवा विरुद्ध मिनेसोटा, कॉलेजचा सामना. आयोवा १०-१२ असा मागे, शेवटची दीडेक मिनिटं उरलेली. मिनेसोटाचा पंट सीमारेषेजवळ टप्पा पडून उसळला. आयोवाच्या कूपर डीजीनने तो उचलला आणि ५४ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. तपासणी सुरू झाली ती त्याचा पाय रेषेबाहेर गेला का हे बघायला. पाय आत होता. पण त्याच चित्रीकरणात दिसलं की बॉल येत असताना तो उजव्या हाताने बॉल दाखवत होता आणि डावा हात खालच्या बाजूला हलवत होता. आपल्या साथीदारांना "लांब व्हा, बॉलला लागू नका" असं सांगायची ही त्याची पद्धत असेल. पण पुस्तकात "कोणतीही हलवण्याची खूण" असं लिहिलंय आणि हेतू विचारलेला नाही. अवैध खूण ठरली, बॉल उचलला तिथेच मृत, टचडाउन रद्द. आयोवा १०-१२ ने हरला.

भाच्याचं म्हणणं, हा अन्याय होता. माझं मत असं की निकाल पुस्तकाप्रमाणे बरोबर, पण मैदानावर कुणीही ती खूण म्हणून वाचली नव्हती. मिनेसोटाची मुलं थांबली नाहीत, पंचांनी शिटी वाजवली नाही. अशा वेळी नियम बरोबर असूनही घशाखाली उतरत नाही. मी तिथे बॅक जज असतो तर मलाही तो हात दिसला नसता, हे कबूल करतो.

कारण माझाही एक हात सुटलेला आहे. ऑक्टोबरातली थंड रात्र, मैदानावरचे दिवे जेमतेम. पंट इतका उंच गेला की दिव्यांच्या वर काळोखात दिसेनासा झाला, आणि मी इतरांसारखा तोंड वर करून बघत राहिलो. पकडणाऱ्या पोराने खांद्यापाशी हात फिरवला होता. समोरचे दोघं थबकले. पोराने बॉल पकडला, दोघांच्या मधून निसटला आणि तीसेक यार्ड पळाला. शिटी नाहीच, कारण मला काही दिसलंच नव्हतं. शेवटी बाजूचा पंच धावत आला आणि म्हणाला, हात होता. बॉल परत आणला, वर ५ यार्ड. दोन्ही प्रशिक्षक माझ्यावर ओरडत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. किक पायावरून सुटली की एकदाच वर नजर, साधारण दिशा समजेपर्यंत. मग नजर पकडणाऱ्यावर. तो जिथे बघतोय तिथे बॉल आहे. त्याचे पाय थांबले की बॉल त्याच्या डोक्यावर आहे. तो मागे पळायला लागला की किक लांब आहे. बॉल तुमच्याशिवाय खाली येणारच आहे. तुम्हाला हवेत पोराचे हात, आणि त्याच्या पुढ्यातली यार्डभर जागा.

पुढ्यातली जागा

हात वर न करणाऱ्यालाही बॉल निर्वेध पकडायचा हक्क असतो. ही गोष्ट मला स्वतःला समजायला एक अख्खा हंगाम लागला. लोकांना वाटतं, खूण केली नाही म्हणजे त्याला कधीही पाडा. तसं नाही. किक हवेत असताना पकडणाऱ्याच्या वाटेत येणं, त्याला धक्का देणं, बॉलकडे जायची त्याची वाट अडवणं, हे तिन्ही पुस्तकांत गुन्हा आहे, हात वर असो वा नसो. खुणेने फरक पडतो तो पकडल्यानंतर. खूण नसेल तर बॉल हातात आल्याच्या पुढच्या क्षणी त्याला आडवा करता येतो. खूण असेल तर अजिबात नाही.

म्हणून पंचाने मनात दोन वेगळे प्रश्न ठेवायचे. पकडण्याआधी धक्का लागला का? लागला तर पकडण्यात अडथळा, १५ यार्ड. पकडल्यानंतर लागला का, आणि खूण होती का? होती, तर तोही दंड, पण तो पाडण्याचा. दोन्हींत क्षणाचा फरक असतो. बॉल आणि खांदा एकाच वेळी आल्यासारखे वाटले तर मी दंडच द्यायचो. संशयाचा फायदा वर मान करून उभ्या असलेल्याला.

किती जवळ म्हणजे जवळ? कॉलेज फुटबॉलमध्ये पूर्वी पकडणाऱ्याभोवती दोन यार्डांचं एक काल्पनिक वर्तुळ होतं, त्याला हेलो, म्हणजे प्रभामंडळ, म्हणायचे. त्यात पाय टाकला की दंड. मोजायला सोपं, पण वर्तुळात नुसता उभा राहिलेला आणि काहीही न केलेला पोरगाही सापडायचा. २००३ मध्ये ते वर्तुळ काढून टाकलं. आता पकडणाऱ्याच्या पुढ्यातली, त्याच्या खांद्यांच्या रुंदीची यार्डभर जागा तेवढी मोकळी ठेवावी लागते, आणि त्याशिवाय बघायचं ते हे की त्याच्यामुळे पकडणाऱ्याला पाऊल बदलावं लागलं का, हात आखडावा लागला का, वळसा घ्यावा लागला का. मला विचाराल तर वर्तुळ गेलं ते बरं झालं. कबड्डीत रेषा असते, इथे माणूस वाचावा लागतो.

एक अपवाद दर दुसऱ्या सामन्यात लागतो. पकडणाऱ्याच्याच साथीदाराने समोरच्याला ढकललं आणि तो ढकललेला पकडणाऱ्यावर जाऊन आदळला, तर दंड नाही. मैदानाबाहेरून ते फार वाईट दिसतं आणि आई-बाप उभे राहून ओरडतात. तुम्ही आई-बाप असाल तर आधी बघा, त्याला कोणी ढकललं.

बॉल सुटला, बॉल पडला

वाळूवरच्या तिसऱ्या किकला हेच झालं. भाच्याने व्यवस्थित हात केला, पण बॉल त्याच्या तळव्यांवर आपटून वर उडाला. दांडगा पोरगा आता शहाणा झाला होता, तो दोन पावलांवर थांबला. मग मला विचारतो, "आता घेव काय?"

नाही. एनएफएल आणि कॉलेजच्या नियमात खूण केलेल्याच्या हातून बॉल हवेत उडाला तर जमिनीला लागेपर्यंत पुन्हा पकडायची त्याला संधी द्यावी लागते. बॉल वाळूला लागला की मात्र झडप घाला. पकडणाऱ्याचा हात लागून सुटलेला बॉल किक मारणाऱ्या संघाला उचलता येतो, फक्त तो घेऊन पुढे पळता येत नाही.

बॉल कोणाचाच हात न लागता जमिनीवर पडला तर पुस्तकांच्या वाटा वेगळ्या होतात. एनएफएलमध्ये बॉल जमिनीला लागला की फेअर कॅचची खूण संपली, पुढे साधी किक. पकडणाऱ्या संघाने उचलला तर पळता येतं. कॉलेज आणि शाळेत तसं नाही. तिथे एकदा हात वर गेला की टप्पा पडल्यानंतर उचललेला बॉलही उचलल्या जागी मृत. आणि हात कोणाचा, याने फरक पडत नाही. तुम्ही हात केला आणि तुमच्या साथीदाराने पकडला तरी त्याला पळता येणार नाही. डीजीनच्या वेळी बॉलचा टप्पा पडूनही खेळ थांबला तो याचमुळे.

हात केलेल्याने नंतर बॉलपासून बाजूला होऊन समोरच्याला अडवायला जायचं नाही, तो १५ यार्डांचा दंड आहे. समोरचा त्याला सोडून चाललाय, कारण त्याने हात केलाय. तो हात धक्का द्यायला वापरणं म्हणजे फसवणूक.

किकऑफचं, म्हणजे खेळ सुरू करायच्या किकचं, थोडक्यात. कॉलेजमध्ये २०१८ पासून स्वतःच्या २५ यार्ड रेषेच्या आत किकऑफवर फेअर कॅच केला की बॉल २५ वर मिळतो. एनएफएलने २०२३ मध्ये तेच करून पाहिलं. २०२४ ला त्यांनी किकऑफची मांडणीच बदलली आणि त्या नव्या किकऑफवर फेअर कॅच ठेवलाच नाही. जुने सामने बघून नियम पाठ केले असतील तर इथे चुकाल.

झेल घेतल्यावर मिळणारी लाथ

हा माझा आवडता कोपरा. एनएफएल आणि शाळांच्या पुस्तकात फेअर कॅच झाल्यावर त्या संघाला तिथूनच थेट गोलखांबांवर किक मारायची सवड आहे. बॉल जमिनीवर धरायला एक जण, समोरचा संघ दहा यार्ड मागे. एनएफएलमध्ये बॉल उभा करायचं टेकण, म्हणजे टी, वापरता येत नाही. अडवायला कोणी धावत येत नाही. खांबांमधून गेली तर ३ गुण. भाचा शिकला त्या कॉलेजच्या पुस्तकात ही सवड नव्हती, म्हणून त्याला ठाऊकच नव्हती. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं.

१९ डिसेंबर २०२४, चार्जर्स विरुद्ध ब्रॉन्कोज, एनएफएलचा सामना. पहिल्या अर्ध्याचा शेवटचा पंट, आणि ब्रॉन्कोजच्या एका खेळाडूने पकडणाऱ्या डेरियस डेव्हिसच्या वाटेत अडथळा केला. घड्याळ शून्यावर. पण अडथळ्यामुळे फेअर कॅच बहाल झाला, वर १५ यार्ड, म्हणजे बॉल ४७ यार्ड रेषेवर आला. वेळ संपली असली तरी ही एक किक मारायची परवानगी असते. कॅमेरॉन डिकरने ५७ यार्डांवरून मारली आणि गेली. अशी यशस्वी किक एनएफएलमध्ये त्याआधी १९७६ मध्ये झाली होती, रे वर्शिंगची, ४५ यार्डांची, आणि तोही चार्जर्सचाच. अठ्ठेचाळीस वर्षं कोणालाही साधली नव्हती. तुम्ही पंच असाल तर ही तरतूद पाठ ठेवा. अकरा वर्षांत माझ्यासमोर एकदाही आली नाही, आणि आली असती तर मीच गडबडलो असतो अशी भीती मला दर शुक्रवारी असायची.

खुणांचंही सांगून टाकतो. पकडण्यात अडथळा झाला तर पंच दोन्ही तळवे खांद्यापासून पुढे ढकलतो, पास अडवल्यावर करतात तशीच. अवैध हात दाखवायला पंच स्वतःच एक हात डोक्यावर हलवतो. पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं.

शेवटची किक अंधार पडायच्या आधीची. भरती लागली होती. भाच्याने हात डोक्याच्या वर नेला, चांगला तीनदा हलवला, दांडगा पोरगा शिस्तीत दोन पावलं लांब थांबला. बॉल भाच्याच्या तळव्यांना लागला, उडाला, ओल्या वाळूवर पडला आणि कोणी झेप घ्यायच्या आत लाटेने ओढून नेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी शिटी वाजवली. हात लागून रेषेबाहेर गेलेली किक म्हणजे बॉल पकडणाऱ्या संघाचा, बाहेर गेला तिथून. रेषा पाण्याखाली गेली होती, म्हणून मी चप्पल टाकून जागा दाखवली. आबांनी जाळं खाली ठेवलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बॉल आणून दिला.